सभासदांच्या मुलांनी लावण्यासाठी

मानेच्या दुखण्याने माणसाचं किती नुकसान होऊ शकतं, हे मला डॉक्टरांनी नीट सांगितलं नव्हतं. ते म्हणाले होते, उशी पातळ घ्या, ओझं उचलू नका आणि अधूनमधून मान सावकाश खालीवर करत चला. मी तेच करत होतो. सोसायटीच्या सभेत, शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. नेमकं त्याच वेळी पुढे कोणीतरी विचारलं, "मग मुलांचं बागकामाचं उन्हाळी शिबिर दीनानाथकाका घेतील का?" सगळ्यांनी वळून पाहिलं, तर दीनानाथकाका मान हलवत होते. सावकाश, खालीवर, आणि बघणाऱ्यांच्या म्हणण्यानुसार बरेच प्रसन्नपणे.

टाळ्या झाल्या. मी 'नाही' म्हणायला उठलो. लोकांना वाटलं, आभार मानायला उठलो. टाळ्या वाढल्या. मी बसलो.

आता, मलाच का विचारलं, तर सोसायटीत माझी ओळख 'पुस्तकवाले काका' अशी आहे. मी जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. त्यात बागकामाची पुस्तकंही होती. त्यामुळे 'गांडूळ' लिहिताना डू दीर्घ आणि 'गांडुळं' लिहिताना डु ऱ्हस्व, हे मी झोपेतसुद्धा सांगू शकतो. पण प्रत्यक्ष गांडूळ समोर आलं, की मी एक पाऊल मागे सरकतो. घरी आल्यावर हेमाने, म्हणजे माझ्या पत्नीने, एवढंच विचारलं, "अहो, आपल्या घरात तुम्ही हात लावलेली एक तरी तुळस जगलीय का?" मी आठवून पाहिलं. प्रश्न रास्त होता.

मग नकार का नाही दिला? दुसऱ्या दिवशी जाऊन सांगता आलं असतं. नाही सांगितलं, आणि त्याला कारण ती जागा.

आमची सोसायटी धायरीत. तीन इमारती, मधे फरशी, कडेला फरशी, आणि जिथे फरशी नाही तिथे फरशीचे उरलेले तुकडे. फक्त पंपाच्या खोलीमागे एक पट्टा मातीचा राहिला आहे, म्हणजे होता. त्यावर बिल्डरने टाकून दिलेला राडारोडा, घाणेरीची झुडपं आणि कोणाचा तरी फुटका कमोड. आमच्या मागच्या गॅलरीतून तेवढाच पट्टा दिसतो. मी तिथे वाचत बसलो, की रोज एक भारद्वाज येतो आणि त्या कमोडभोवती फेऱ्या मारतो, हात मागे बांधून तपासणीला आलेल्या साहेबासारखा. मला त्याची सवय झाली होती. या वयात नव्या ओळखी होत नाहीत.

आणि त्याच सभेत आमचे चेअरमन मच्छिंद्र अण्णा म्हणाले होते, "ती जागा अशीच किती दिस पाडून ठेवायची? माझं म्हणणं, पोरांना यंदा काय करायचं ते करू द्या. मे सरंस्तोवर तिथं काय उगवलेलं दिसलं, तर जागा मातीची. नाय उगवलं, तर ब्लॉक टाकून मोकळं व्हायचं." मच्छिंद्र अण्णांच्या आजोबांची ती जमीन. सोसायटी ज्यावर उभी आहे, ती सगळीच. अण्णांनी ती बिल्डरला दिली आणि बदल्यात सर्वांत वरचे फ्लॅट घेतले. तिथून जमीन चांगली दिसते असं ते म्हणतात.

तेव्हा मला ती माती वाचवायची होती, इतकंच. हे कोणाला सांगण्यासारखं कारण नाही. सभेत तर मुळीच नाही.

पहिलं काम सूचना लिहिण्याचं. ते मात्र मला येतं, असा माझा समज होता. मी फलकावर लावलं: 'शिबिरात प्रत्येक बालकास एक वाफा देण्यात येईल.' संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खळबळ. तनुजा म्हणून एक आयटीतली बाई आपल्या लहानग्या संस्कृतीला घेऊन आमच्या वरच्या मजल्यावर राहते. ती स्वतः खाली आली.

"काका, सॉरी, पण ऐन एप्रिलमध्ये मुलांना वाफ कशाला? संस्कृतीला ऑलरेडी घामोळं आलंय."

"वाफ नव्हे हो, वाफा. मातीचा. ज्यात बी लावतात."

"ओह. बेड!"

"बेड म्हटलं असतं, तर तुम्ही गाद्या पाठवल्या असत्या," असं मला म्हणायचं होतं. ते मला रात्री सुचलं. माझी सगळी चोख उत्तरं रात्री सुचतात. प्रत्यक्षात मी म्हणालो, "हो, बेड." तरीही शिबिराच्या पहिल्या सकाळी दोन मुलं नाकाला वाफ घेण्याची यंत्रं घेऊन आली, आणि त्यातल्या एकाच्या आजीने ती परत न्यायला नकार दिला. "असू दे, धूळ असते तिथे," म्हणाल्या.

राडारोडा मुलांनी उचलला. पालकांनी आपापल्या मुलाचा घमेलं उचलताना एकेक फोटो काढला आणि घमेली खाली ठेवली. उरलेलं मी उचललं. ओझं उचलू नका, हा डॉक्टरांचा सल्ला मला प्रत्येक घमेल्याला आठवत होता. कमोड उचलायला मात्र चारजण पुढे झाले, कारण त्याचा व्हिडिओ चांगला येणार होता.

नंतर सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणसाने काही करायला घेतलं, की भोवतालच्या माणसांना ते त्याच्याहून जास्त येतं. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी सांगितलं, मातीची तपासणी केल्याशिवाय बी टाकणं म्हणजे गुन्हा. शेजारच्या दीपमालाताई म्हणाल्या, माती वापरायचीच नाही, नारळाचा भुसा वापरायचा, माती घाण असते. "पण दीपमालाताई, सगळं शिबिर मातीचंच आहे." "तेच तर चुकलं ना तुमचं!" एकांनी व्यवहारी तोडगा दिला, की मेच्या शेवटी नर्सरीतून तयार रोपं आणून खोचायची, "कोण बघतंय?" मी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. माझा राग चेहऱ्यावर उमटत नाही, हे हेमाने मला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. ते गृहस्थ म्हणाले, "पटलं ना? मग ठरलं."

खत हवं होतं. एका सरकारी कार्यालयात मोफत मिळतं, असं कळलं. मी गेलो. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "कुठलं झाड तोडायचंय?"

"तोडायचं नाही. लावायचं आहे."

"मग इथे कशाला आलात? लावायला परवानगी लागत नाही."

"परवानगी नको, खत हवंय."

"खत परवानगीवर मिळतं."

"पण परवानगी लागतच नाही म्हणालात."

"लावायला लागत नाही हो. म्हणूनच मिळत नाही." त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "आजोबा, तुम्ही असं करा, एखादं तोडायचा अर्ज द्या. त्याच्या बदल्यात लावायचं म्हणून खत मिळेल."

मी बाहेर येऊन पायरीवर थोडा वेळ बसलो. त्या बाई चुकत नव्हत्या, हेच मला लागलं. वाक्य व्याकरणाने शुद्ध होतं.

खताशिवायच मेथी आणि भेंडी लावली. मुलं अंगात 'लिटल फार्मर्स' छापलेले हिरवे बनियन घालून येत. ते तनुजाने मागवले होते. माझ्यासाठीही एक होता, 'चीफ फार्मर' लिहिलेला. तो मी आतून घातला, वरून शर्ट. पृथ्वीराज नावाचा एक मुलगा बी उगवलं का ते पाहायला रोज सकाळी ते उकरून काढी, पाही आणि परत पुरी. मी त्याला समजावलं, "बाळ, त्याला जरा एकटं सोड." तो म्हणाला, "आजोबा, एकटं सोडलं, तर त्याला कसं कळणार आपण वाट बघतोय?" यावर मला रात्रीसुद्धा उत्तर सुचलं नाही.

पाण्याचा प्रश्न तर विचारूच नका. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो आणि टँकर आला, की माणसाचा मूळ स्वभाव बाहेर येतो. "आम्ही आंघोळी मोजून करतो आणि यांची भेंडी न्हातेय," असं जिन्यात, मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात बोललं गेलं. मग मी नळाला हात लावणं सोडलं. मुलं आपल्या पाण्याच्या बाटल्या भरून आणत, निम्मं स्वतः पीत, निम्मं वाफ्याला. तनुजाची संस्कृती आपल्या भेंडीला सरबत पाजताना सापडली. ती भेंडी सगळ्यांत आधी वर आली. दीपमालाताई म्हणाल्या, "बघा, मी म्हणतच होते."

पण आली. हे मला सांगायचंय. मेथी आली, भेंडी आली, दोन पानं, मग चार. मुलं आपापल्या वाफ्यासमोर उकिडवी बसत आणि भांडत. "माझी मोठी." "तुझी वाकडीये." भारद्वाज कमोड गेल्यामुळे काही दिवस रुसला होता, तोही परतला आणि वाफ्यांमधून तपासणी करू लागला. मी गॅलरीत पुस्तक उघडून बसत असे आणि पान उलटत नसे. हेमा म्हणाली, "चेहरा बरा दिसतोय हल्ली." तिच्या तोंडून हे म्हणजे शाल-श्रीफळच.

इथे मी थांबायला हवं होतं.

झालं असं, की राडारोडा गेल्यावर ती जागा लोकांना दिसू लागली. इतकी वर्षं ती जागा नव्हती, कचरा होता. आता सपाट, स्वच्छ, कडेने विटा लावलेली. आधी एक स्कूटर वाफ्याच्या टोकाला टेकली. मग एका चारचाकीचं नाक आत आलं. जाऊन बोलायला हवं होतं. पण मला गाडीवाल्या माणसाशी बोलता येत नाही. तो काच खाली घेईपर्यंत माझं धैर्य संपतं. मग पुण्यातला माणूस जे करतो ते मी केलं. पाटी लिहिली.

त्या पाटीवर मी अख्खा दिवस घालवला. पहिला मजकूर असा होता: 'ही जागा सभासदांच्या मुलांनी रोपे लावण्यासाठी राखीव आहे. इतरांनी येथे काहीही लावू नये.' वाचून पाहिला. आणि माझ्या आत जन्मभर बसलेला मुद्रितशोधक जागा झाला. रोपे? रोपे कुठे लावली होती? बिया लावल्या होत्या. मेथी तर फेकून पेरली होती. नर्सरीतून रोपं आणा म्हणणाऱ्या गृहस्थांना मी मनातल्या मनात एवढं झापलं होतं, आणि आता पाटीवर 'रोपे' लिहायचं? 'बिया' लिहावं, तर आता बिया कुठे होत्या? 'रोपे व बिया' म्हणजे दुकानाची पाटी. शब्द चुकीचा असेल तर काढावा, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी तो काढला. 'काहीही' हा शब्द उद्धट वाटला, तोही काढला. 'येथे' अनावश्यक होता. समोर मेथी डोलत असताना काय लावायचं, हे काय सांगायला हवं?

पाटी रंगवून लागली:

'ही जागा सभासदांच्या मुलांनी लावण्यासाठी राखीव आहे. इतरांनी लावू नये.'

एक वेलांटी चुकलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेथीच्या वाफ्यावर एक पांढरी गाडी उभी होती. तिच्याशेजारी निळी. तिसरी आत यायला बघत होती आणि तिच्यातून दीपमालाताईंचा साईनाथ उतरला. साईनाथ तिशीचा, हिंजवडीला नोकरी.

"अरे साईनाथ, हे काय? पाटी नाही का वाचलीस?"

"वाचली ना काका! म्हणून तर लावली." त्याने अभिमानाने पाटीकडे बोट केलं. "सभासदांच्या मुलांनी. मी सभासदांचाच मुलगा आहे. आईच्या नावावर फ्लॅट आहे आमचा."

"अरे, मुलं म्हणजे... लहान मुलं!"

"तसं लिहिलं नाहीये काका. एज लिमिट नाहीये."

"आणि लावायची म्हणजे भेंडी लावायची!"

त्याने पाटी पुन्हा वाचली. प्रामाणिकपणे, ओठ हलवत. "भेंडी कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलं नव्हतं. मी पाटीसमोर उभा राहून तिच्यात एक तरी चूक सापडते का ते शोधत होतो. सापडली असती, तर पाटीच रद्द धरा म्हणता आलं असतं. वर आल्यावर हेमा म्हणाली, "तुम्ही शुद्धलेखन तपासलंत. अर्थ कोणी तपासायचा?"

मी त्याच दिवशी पाटी काढली. उशीर झाला होता. ग्रुपवर तिचा फोटो फिरला होता, आणि खाली अंगठे. 'फायनली समवन थॉट ऑफ पार्किंग!' 'सीनिअर सिटिझन असून किती प्रॅक्टिकल!' ज्यांचा आतापर्यंत मला नमस्कारही नव्हता, ते जिन्यात थांबून हात हातात घेऊ लागले. मी खुलासा लिहायला बसलो. मोठा झाला. छोटा केला. छोटा केला, तर पुन्हा त्याचा काहीतरी भलताच अर्थ होईल, अशी भीती वाटली. तो पाठवायचा राहून गेला.

मच्छिंद्र अण्णांकडे मात्र गेलो. त्यांनी चहा दिला.

"अण्णा, ती पाटी मी भेंडीसाठी लावली होती."

"म्या वळखलं की," अण्णा हसले. "पर काका, आता मेंबर लय खूश हायेत. त्यांना कसं सांगू, का तुम्हाला नीट लिव्हता आलं नाय? तुमचीच अब्रू जाईल." आणि मग गंभीरपणे, खरोखर माझी काळजी वाटून, "त्यापरीस असू द्या."

माझी अब्रू! ती मी जन्मभर इतकी जपली, की तिचा कोणाला कधी पत्ताच लागला नाही. आणि आता ती वाचवण्यासाठी माती जाणार होती. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, की जाऊ द्या अब्रू. मी म्हणालो, "चहा छान झालाय."

शिबिराचा समारोप आणि सभा एकाच दिवशी ठेवली, म्हणजे लोकांना दोनदा बोलवायला नको. उरलेल्या वाफ्यात भेंडीला पिवळी फुलं आली होती आणि संस्कृतीच्या झाडाला बोटाएवढी एक भेंडी. अण्णा तिच्यापाशी वाकले, तिला हात लावला आणि माइकवर त्यांचा आवाज भरून आला. "माझ्या आज्याच्या रानात हितं ज्वारी उभी राहायची. इतक्या सालांनी परत काय तरी उगवलेलं बघितलं. पोरांनो, तुम्ही जितलं!" टाळ्या. मला वाटलं, वाचली. माती वाचली. मी हेमाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिला सभांचा अनुभव जास्त.

"आन् आता," अण्णा म्हणाले, "ज्यांनी ही जागा साफ केली, ज्यांच्या डोक्यातनं पार्किंगची आयडिया निघाली, त्या काकांचा सत्कार."

मला पुढे नेलं. खांद्यावर शाल आली. ती उन्हाळ्यात अंगावर येणारी लोकरी शाल. उजव्या हातात नारळ, डाव्या हातात पुष्पगुच्छ, काखेत मुलांनी रंगवलेलं भेंडीचं चित्र. आणि माइक तोंडासमोर. दोन शब्द बोला, म्हणाले. माझ्याकडे शब्द होते. पाठ केले होते, आरशासमोर. 'ही माती राहू द्या. पाटी माझी चुकली, मातीचं काही चुकलेलं नाही.' समोर साईनाथ मोबाइलवर चित्रण करत होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आभारी आहे."

मग अण्णांनी ठराव मांडला. मागच्या जागेत ब्लॉक टाकावेत. बागेची हौस म्हणून पंपाच्या खोलीच्या भिंतीला प्लॅस्टिकची हिरवळ लावावी, पाणीही लागणार नाही. "कोणाचा विरोध असंल, तर हात वर करा."

माझ्या एका हातात नारळ होता आणि दुसऱ्यात पुष्पगुच्छ. काखेतलं चित्र पडलं असतं. मी नारळ कुठे ठेवता येईल ते बघू लागलो. टेबल लांब होतं. नारळासकट हात वर करावा, असंही मनात आलं. पण तो फोडायला उचलल्यासारखा दिसला असता.

"एकमताने मंजूर," अण्णा म्हणाले.

ब्लॉक टाकायला माणसं फार भराभर आली. परवानगी लागली नाही. मी तेव्हा गॅलरीचं दार लावून पुढच्या खोलीत वाचत बसलो. माझं वाचन सुधारलं आहे, पानं उलटली जातात. भारद्वाजाचं काय झालं ते मी पाहायला गेलो नाही.

परवा मात्र पंपाच्या खोलीमागून जावं लागलं, कचऱ्याचा डबा तिकडे हलवलाय. तनुजा गाडी मागे घेत होती आणि संस्कृती मागे उभी राहून दोन्ही हातांनी तिला बोलावत होती. "ये, ये, ये, अजून ये... बास!" गाडी दोन पांढऱ्या रेघांच्या मधोमध उभी राहिली. फार सुरेख. मी तसं म्हणालोही.

"आजोबा," ती पायाने ब्लॉक दाखवत म्हणाली, "इथे माझी भेंडी होती ना?"

"हो. इथेच होती."

"आता इथे आमची सेकंड कार आहे." तिने जरा विचार केला, आजूबाजूच्या सगळ्या गाड्या पाहिल्या, आणि अगदी मनापासून, वाईट वाटून विचारलं, "तुमचं इथे काहीच नाहीये का?"

तेवढ्यात तनुजा गाडी बंद करून उतरली आणि संस्कृती तिचा हात धरून निघून गेली. मी डब्यात कचरा टाकला आणि घरी आलो.